सात नंबरचा खांदा

मिस्तरीचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. ऊन तापलं की साच्यात भरायचं रेझिन डब्यातच घट्ट होतं, म्हणून ते कालवायचं काम उजाडायच्या आत. मी साडेसहाला पोचायचो तेव्हा त्याचे दोन साचे भरून झालेले असायचे आणि तो थिनरच्या फडक्याने हात पुसत कारखान्याच्या दारात बसलेला असायचा. "या, सूर्यवंशी महाराज," म्हणायचा. एकतीस वर्षं एकच विनोद.

आमचा कारखाना दुकानांच्या काचेत उभ्या करायच्या पुतळ्यांचा. मी आणि मिस्तरी एकाच आठवड्यात कामाला लागलो. मालकानं आम्हा दोघांना मातीचा एकेक हात करायला सांगितला. त्याचा हात हातासारखा झाला, माझा वांग्यासारखा. तो साच्यावर गेला, मी घासकामावर. साचेवाला पुतळा घडवतो, घासणारा त्याच्यावरची खरखर काढतो. काम माझंही कष्टाचं, एका पुतळ्याला अडीच तास. पण लोक बघतात ते साचेवाल्याचं काम. मला त्याचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे घडलं त्यात माझाही हात आहे.

सहा नंबरच्या साच्यापर्यंतच्या आमच्या पुतळ्या बाटल्यांसारख्या होत्या. वर बूच, खाली काच. दुकानदार कुरकुरायला लागले तसं मालक मिस्तरीला म्हणाले, "एक तरी बाईसारखी बाई कर." मिस्तरीनं सात आठवडे घेतले. माती भिजवायची, चढवायची, तारेनं कापायची, पुन्हा चढवायची. खिशातून एक चिठ्ठी काढून बघायचा आणि परत खिशात. झाली तेव्हा आम्ही कामं टाकून बघायला गेलो. नुसती उभी होती, पण आत्ताच कुणी तरी हाक मारली आणि ती वळणार आहे, अशी. डावा खांदा उजव्यापेक्षा जरासा उतरलेला. सगळी जान त्या खांद्यात होती.

"कुणावर बेतलीस?" मी विचारलं.

"डोक्यातून काढली."

"डोक्यात खांदा वाकडा होता काय?"

"तुझं काम घासायचं. घास."

मी घासली. त्याच संध्याकाळी त्याच्या घरी एक पिशवी पोचवायची होती. वहिनी, म्हणजे त्याची बायको, शिवणकाम करायची. मशीनवरून उठली, पिशवी घ्यायला वळली आणि मला खांदा दिसला. वर्षानुवर्षं एकाच बाजूला वाकून मशीन चालवल्यानं डावा खांदा उतरलेला. कपाटाचं दार उघडं होतं. आतल्या बाजूला पेन्सिलीनं तिचं स्वतःचं माप लिहिलेलं. छाती साडेपस्तीस, कंबर अठ्ठावीस, डावा खांदा अर्धा इंच खाली. चिठ्ठी कुठून आली ते कळलं. मी चहा घेतला आणि गप्प बसलो. घरी जाताना मनात आलं, आपल्या बायकोचं माप आपल्याला ठाऊक नाही. हातसुद्धा सांगू शकणार नाहीत.

सात नंबर चालली. पहिली पुतळी मोठ्या रस्त्यावरच्या कापड दुकानात गेली. दुकानदारानं तिला रात्री घालायचा पातळ झगा चढवला आणि काचेत मधोमध उभी केली. पंधरा दिवसांत त्या साच्यातून आणखी वीस काढायला सांगितल्या. मालक खूश. मिस्तरी मात्र दिवसेंदिवस आंबट होत गेला.

त्याचा घरी जायचा रस्ता दुकानावरून नव्हता. तरी तो रोज तिकडून जायला लागला. समोरच्या फुटपाथवर चप्पल दुरुस्त करून घ्यायच्या निमित्तानं बसायचा. चप्पल नवी होती. दुसऱ्या दिवशी मला हिशेब द्यायचा.

"काल सतरा."

"काय सतरा?"

"थांबले. छत्रीवाला कारकून तर रोज येतो. पाऊस नाही, काही नाही, छत्रीवर हनुवटी टेकवून उभा. पाच-पाच मिनिटं."

"बघेल नाही तर काय करेल? काचेत ठेवली ती बघायलाच ना?"

"ठेवली दुकानदारानं. मी नाही."

सगळ्यात जास्त त्याला खुपायचा तो दुकानातला सजवणारा माणूस. दर सोमवारी काचेला आतून तपकिरी कागद लावून तो पुतळ्यांचे कपडे बदलायचा. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप. साधा, पन्नाशीचा, दम्याचा पेशंट. पण मिस्तरी सोमवारी त्या कागदाकडे बघत उभा राहायचा, अर्धा अर्धा तास. मी एकदा सोबत होतो. आतून खोकल्याचा आवाज आला.

"ऐकलंस?" मिस्तरी म्हणाला.

"खोकतोय बिचारा."

"खोकतो म्हणजे तो आत आहे. तिच्याजवळ."

"अरे, फायबरची आहे ती. आतून पोकळ. मी घासली आहे, मला विचार."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागं सरलो. मी घासली आहे, हे मी बोलायला नको होतं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो कागद-पेन घेऊन माझ्याकडे आला. त्या वर्षी नगर कार्यालयात सभ्यता समिती नेमली होती. भिंतीवरची चित्रं, मासिकांची मुखपृष्ठं, नाटकाच्या जाहिराती, जे जे उघडं वाटेल त्याची तक्रार कुणीही करावी, नाव द्यायची गरज नाही. आधी त्यावर आम्ही हसायचो. सिनेमाच्या फलकावरच्या नटीला समितीनं मानेपासून गुडघ्यापर्यंत काळं फासलं, तर पोरं म्हणायला लागली की नटी कोळशाच्या पोत्यात बसली आहे. आता मिस्तरीला त्याच समितीकडे अर्ज करायचा होता.

"माझं अक्षर मालक ओळखतात. तू लिही."

"आपल्याच मालाविरुद्ध?"

"माल नाही. एकच पुतळी. तिला काचेतून आत नेली की झालं. बाकी माझं काही म्हणणं नाही."

मी लिहायला नकार देऊ शकलो असतो. दिला नाही. खरं सांगायचं तर सात नंबर काचेतून जावी, असं मलाही आतून वाटत होतं. लोक तिच्यापुढं थांबायचे तेव्हा माझ्या अडीच तासांसाठी कुणी थांबत नव्हतं. मी लिहिलं की मोठ्या रस्त्यावरच्या कापड दुकानातली पुतळी अश्लील आहे.

"अश्लील म्हणजे काय, ते लिहायला लागेल," मी म्हणालो.

मिस्तरी विचारात पडला. असल्या शब्दांचा त्याला सराव नव्हता. मग त्याला जे येत होतं तेच त्यानं सांगितलं. "छाती साडेपस्तीस. कंबर अठ्ठावीस. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली."

"खांद्यात काय अश्लील आहे?"

"लिही. दुकानात चार पुतळ्या आहेत. भलतीच उचलून नेतील."

साचेवाल्याशिवाय असा अर्ज कुणी केला नसता. समितीकडे आलेल्या अर्जांत 'डोळ्यांना खुपते', 'घरच्यांबरोबर रस्त्यानं जाता येत नाही' असलं मोघम लिहिलेलं असायचं. आकडे असलेला हा एकच. समितीला आकडे आवडले. आकडा आला की नियम करता येतो.

तीन आठवड्यांनी आमच्या फाटकावर नोटीस चिकटली. गावातल्या एकाही पुतळीची छाती बत्तीसच्या वर असू नये. खांदे समपातळीत असावेत, कारण उतरता खांदा बघणाऱ्याला बोलावतो. खाली आधार म्हणून तक्रारीतलं माप जसंच्या तसं छापलेलं. दुकानांतल्या आणि कारखान्यातल्या सगळ्या पुतळ्या दुरुस्त कराव्यात, मुदत महिना. टेप घेऊन एक साहेब आले आणि साचे फोडून गेले. एकेका साच्यावर दहा दहा घाव. मिस्तरी भिंतीला टेकून बघत होता. सातव्याच्या वेळी त्यानं डोळे मिटले.

"एकच म्हटलं होतं मी," मला म्हणाला.

"त्यांना एकदाच सांगून पुरतं."

दुरुस्ती म्हणजे नुसतं घासणं नव्हे. फायबरची जाडी दोन नाण्यांएवढी. तीन बोटं घासायला गेलात तर आरपार भोक. छाती करवतीनं कापून काढायची, भोकावर काचेच्या धाग्यांची चटई आणि रेझिन लावून सपाट थर बसवायचा, वाळला की खड्डे बुजवायची लांबी भरायची, मग घासायचं आणि रंग. एका पुतळीला साडेपाच तास. पुतळ्या एकेचाळीस. धूळ अंगात घुसायची, रात्री कूस बदलली तरी काट्यात लोळल्यासारखं. कापलेले तुकडे पोत्यात भरायचो, तर समितीचा माणूस पोतं मोजून, झाकून न्यायचा. "काय करता याचं?" मी विचारलं. "जाळतो," म्हणाला, आणि पोत्यात डोकावला.

काचेतली सात नंबर आली तेव्हा मी करवत उचलली. मिस्तरीनं ती माझ्या हातातून घेतली.

"ही मी करतो."

"बाकीच्या वीस मी केल्या. साचा तोच."

"ही त्याच्याकडून आली आहे," तो म्हणाला. 'त्याच्या' म्हणजे खोकणाऱ्याच्या. तो माझ्याकडे पाठ करून बसला, मध्ये पत्रा उभा केला. मला फक्त आवाज येत होता. सगळ्यात जास्त वेळ खांद्याला लागला. लांबी भरून तो वर आणायचा, दोरी धरून पातळी बघायचा, पुन्हा भरायचा.

तेवढ्यात वहिनी डबा घेऊन आली. रोज दुपारी यायची, डबा फाटकाशी ठेवून जायची. त्या दिवशी नोटिशीपाशी थांबली. शेवटची ओळ वाचली, मग आत आली. ती कारखान्याच्या आत आलेली मी पहिल्यांदाच बघितली.

"हे माप कुणी कळवलं?"

"असेल कुणी तरी," मिस्तरी पत्र्याआडून म्हणाला.

"साडेपस्तीस, अठ्ठावीस."

"कुणाचंही असतं."

"आणि खांदा?"

पत्र्याआडचं घासणं थांबलं. वहिनीनं माझ्याकडे बघितलं. "भाऊजी, तुम्हाला ठाऊक होतं?"

मी कानस पुसत बसलो. तिला उत्तर मिळालं.

तिनं पत्रा बाजूला सारला. सात नंबर टेबलावर आडवी होती, पुढून पाटासारखी. वहिनी बराच वेळ बघत राहिली. मग अगदी हळू बोलायला लागली, आणि तेच जास्त लागलं.

"घडवताना मला विचारलं नाहीत. चला, म्हटलं नवरा आहे. कापतानाही विचारलं नाहीत?"

"अगं, लोक बघत होते. एका दिवसात सतरा मोजले मी. कोण कोण थांबायचं, तुला काय सांगू."

"मीही थांबायचे."

"काय?"

"दर बुधवारी. दोरे आणायला जायचे तेव्हा. आपल्या घरात तळहाताएवढा आरसा, दाढीचा. एका वेळी एक डोळा दिसतो. सबंध मी मला तिथंच दिसायचे. लोक थांबायचे तेव्हा मी त्यांच्यात उभी असायचे. कुणाला पत्ता नव्हता. तुम्ही सतरा मोजलेत ना, त्यात मी असेन."

मिस्तरीनं तोंड उघडलं. मला वाटलं माफी मागेल. तो म्हणाला, "छत्रीवाल्याशेजारी उभी राहायचीस?"

वहिनीनं डबा उचलला आणि परत घेऊन गेली. त्या दिवसानंतर डबा आला नाही. मिस्तरी पाव आणायचा, धुळीत बसून खायचा. मी माझ्यातलं पुढं केलं तर म्हणायचा, "तुझं अक्षर चांगलं आहे, तू जेव."

दुरुस्त झालेली सात नंबर काचेत परत गेली. तोच झगा. पण तो आता खुंटीला अडकवल्यासारखा लोंबायचा. छत्रीवाला कारकून आला, चालता चालता मान वळवली, निघून गेला. सोमवारी सजवणाऱ्यानं कागदसुद्धा लावला नाही, सगळ्यांदेखत पाच मिनिटांत कपडे बदलले. मिस्तरीला हवं होतं ते सगळं मिळालं. तरी तो त्या फुटपाथवर जाऊन बसायचा. आता एकटाच बघणारा.

दुकानदारांनी हिशोब केला की असल्या पुतळीपेक्षा हँगर बरा, स्वस्त आणि समितीची कटकट नाही. वर्षभरात मागणी आटली. मालकांनी आधी साचेकाम बंद केलं. साचेच नव्हते. घासायला मला आणखी सहा महिने ठेवलं, मग मलाही नारळ. मिस्तरीची नोकरी माझ्याआधी गेली, हे सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी मला क्षणभर बरं वाटलं होतं.

शेवटचा पगार हातात पडल्यावर तो घरी गेला नाही. मला म्हणाला, "चल, वजन उचलायचं आहे." काच कापणाऱ्याकडे नेलं. तिथं एक आरसा तयार होता, सव्वापाच फूट उंच. सात नंबरची उंची. महिनाभर आधी सांगून ठेवला होता. पाकीट जवळजवळ रिकामं झालं.

हातगाडी केली. मी पुढून ओढत होतो, तो आरसा धरून चालत होता. निघायच्या आधी त्यानं पिशवीतून चादर काढली आणि आरसा वरपासून खालपर्यंत झाकला.

"फुटेल म्हणून?" मी विचारलं.

"रस्त्यात ज्यानं त्यानं बघायला नको."

"अरे, बघितलं तर ज्याला त्याला स्वतःचंच तोंड दिसेल."

"तरी."

मोठ्या रस्त्यावर वारा सुटला. चादर उडायला लागली तशी त्यानं दोन्ही टोकं मुठीत धरली, आणि दुकानासमोरून आम्ही तसेच गेलो.

वहिनी मशीनवर होती. आम्ही आरसा भिंतीला उभा केला. चादर काढायला मिस्तरीचा हात पुढं झाला, तिनं तो बाजूला केला आणि स्वतः काढली. आधी डावा खांदा बघितला. मग दोन पावलं मागं गेली, वळली, पुन्हा समोर आली. मिस्तरी तिच्यामागं उभा होता.

"बाजूला व्हा," ती म्हणाली. "तुम्ही मध्ये येताय."

तो दारापर्यंत सरकला. मी निघालो. मागून तिचा आवाज आला, "हात-पाय धुऊन घ्या. जेवायला वाढते."