जावयानं दाखवलेली भट्टी

लग्नानंतर तिसऱ्या उन्हाळ्यात मला पहिल्यांदा सासरच्या बोरीबाहेर, माहेर सोडून दुसरीकडे कुठं राहायला मिळालं. माझी थोरली नणंद परभणीला दिलेली. तिचे यजमान आबकारीत नोकरीला होते. आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. निजाम सरकारची पगारी नोकरी, डोक्यावर रुमी टोपी, बोलण्यात निम्मं उर्दू. आमच्या दुकानदाराच्या घरात त्यांचा शब्द कुणी मोडत नसे.

परभणीला तेव्हा तंबूतला सिनेमा आला होता. मी तोवर सिनेमा पाहिला नव्हता. नणंदेनं निरोप धाडला होता की तंबू हलायच्या आत या. झरी गावावरून छकड्यात अंग खिळखिळं करून घेत सासूबाई, नवरा आणि मी पोचलो ते त्याच आशेवर. पोचल्यावर कळलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा खेळ आहे, मग तंबू उठणार आहे.

तो दिवस उजाडला आणि दाजींनी जाहीर केलं की आधी सगळ्यांनी भट्टी पाहायला यायचं. भट्टी म्हणजे सरकारी दारूची भट्टी. ती फार जुनी आहे, तिथली तांब्याची भांडी त्यांच्या आजोबांच्या वेळची आहेत, हैदराबादहून साहेबलोक मुद्दाम बघायला येतात, असं ते सांगत राहिले.

सासूबाई मागच्या दारी गेल्या. आमच्या घरी सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय कुणी पाण्याला शिवत नाही, आणि दारूचं नावही कुणी काढत नाही. पण जावयाला नाही कसं म्हणायचं? त्यांनी मला विचारलं, मी नवऱ्याकडे बघितलं, नवरा टोपी घालून तयार होता. मी दाजींना विचारलं की सिनेमाला उशीर तर नाही ना होणार. ते म्हणाले, घटकाभरात परत येऊ.

भट्टी गावाबाहेर होती, छकड्यातूनच गेलो. अर्ध्या वाटेवरच आंबूस वास आला आणि सासूबाईंनी पदर नाकाला लावला तो वाटभर काढलाच नाही. फाटकापाशी त्या थांबल्या. आत येत नाही म्हणाल्या, पाय दुखायलेत. तिथं सावलीला पोत्यांची थप्पी होती, तिच्यावर बसल्या. मला मात्र आत जावं लागलं.

दाजींनी एकही रांजण सोडला नाही. ह्यात फुलं भिजत घालतात, ह्यात ती आंबतात, फेस असा आला की समजायचं, मग त्या डेगीत उकळायचं, वाफ नळीतून गार पाण्यातून जाते आणि थेंब थेंब खाली येते. एकदा सांगून झालं की माझा नवरा काहीतरी विचारायचा आणि ते पुन्हा पहिल्या रांजणापाशी जायचे. घरात हा माणूस जेवताना मीठ मागायलाही तोंड उघडत नसे. तिथं मात्र त्याला सगळं जाणून घ्यायचं होतं. नळी कुठून आणली, गरमीत फुलं लवकर आंबतात का, साहेबलोक काय म्हणाले. भिंतींना आच होती, माझं डोकं दुखायला लागलं होतं, आणि उन्हं कलत चालली होती. मी दोनदा नणंदेला डोळ्यांनी खुणावलं. तिनं हात जोडल्यासारखं केलं. तिची ही भट्टी पाहायची कितवी वेळ होती कोण जाणे.

शेवटी बाहेर आलो तर सासूबाई सावलीत निवांत काहीतरी खात होत्या. खालचं एक पोतं उसवलं होतं, त्यातून मूठ भरून घेतली होती. दाजी हरखले.

"आत्याबाई, गोड हायत का?"

"लय गोड. पण असल्या मनुका बोरीच्या बाजारात येत न्हाईत. कुठल्या हायत?"

"मनुका न्हाईत, मोहाची फुलं हायत. किनवटच्या जंगलातून येतेत. ह्याचीच तर काढायलोत आमी."

सासूबाईंनी हातातलं टाकलं. चूळ भरायला पाणी मागितलं, पण त्या जागेचं पाणी चालणार नव्हतं. मग त्या तडक छकड्यात जाऊन बसल्या. दाजी समजावू लागले की नुसत्या फुलाला काही दोष नसतो, ते झाडाचंच फूल आहे. घरी आल्यावर सासूबाईंनी डोक्यावरून आंघोळ केली, पुन्हा पूजेला बसल्या, आणि ती पूजा लांबत गेली. त्यांना एकटं टाकून सिनेमाला कसं जाणार? मी ओसरीत लुगडं बदलून बसले होते. दुरून तंबूतला बाजा ऐकू आला, मग तोही थांबला. नवरा दाजींना विचारत होता की पाऊसकाळात फुलं कशी टिकवता.

परत येताना छकड्यात सासूबाईंनी बजावलं की बोरीत ह्यातलं अवाक्षर काढायचं नाही. मी हो म्हटलं. खरं तर तेवढंच एक मी परभणीत पाहिलं होतं, आणि इतकं नीट पाहिलं होतं की घरी भट्टी लावली असती.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायकांनी घेरलं. परभणीत काय काय बघितलं?

"देऊळ बघितलं," मी म्हणाले.

"कशाचं?"

मी काही बोलायच्या आत मागून सासूबाई म्हणाल्या, "महादेवाचं. लय जुनं हाय."

शेजारणीचं माहेर परभणीचं निघालं. तिनं विचारलं, कुठल्या बाजूला म्हणायचं हे देऊळ? सासूबाईंनी पोहरा विहिरीत सोडला आणि माझ्याकडे पाहिलं, आता तू सांग अशा नजरेनं.