नायकांच्या घरची झूल

कुणी जुनी वस्तू दाखवायला काढली की नाना आधी दोन्ही हात पाठीमागे बांधून घ्यायचे. हात लावला की मागितल्यासारखं होतं, असं त्यांचं म्हणणं. "मागून आणलेलं घरात ऱ्हात न्हाई ताई. देणाऱ्याच्या मनानं आलं तरच ऱ्हातं." जन्मभर एसटीत लोकांकडे सुटे मागत आलेला हा कंडक्टर निवृत्त झाल्यावर मात्र कुणाकडे काही मागत नसे.

सेनगावजवळच्या तांड्यावर नायकांचं घर आहे. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहणाऱ्या तांड्याचा शेवटचा नायक, म्हणजे म्होरक्या, तिथे स्थिरावला. वारसांनी घर तांड्याला दिलं, समिती झाली, 'संग्रहालय' अशी पाटी लागली. मी तिथे देखभालीला लागले तेव्हा आत होतं काय? मिठाची एक गोण, एक फुटकी घागर आणि नायकांच्या बैलाची झूल. लाल कापडाची, कवड्या-आरशांनी भरलेली. नाना तांड्यातलेच. राखणीला म्हणून येऊन बसायचे ते संध्याकाळीच उठायचे.

तांड्यातली नवरी सासरी निघताना बैलावर उभी राहून निरोपाचं गाणं म्हणते. त्या बैलावर नायकांचीच झूल हवी, असा आग्रह. नाना ती खुशाल काढून द्यायचे आणि मी कपाळाला हात लावायची.

"नाना, हे संग्रहालय आहे की मंडपवाल्याचं दुकान?"

"घर हाय ताई. घरातलं लग्नाला जात न्हाई व्हय?"

झूल परत आली की मी शिवण अन् शिवण तपासायची. नाना घडीसुद्धा उलगडत नसत. फक्त विचारायचे, "लगीन बराबर झालं ना?" आणि गंमत अशी, की झूल सहसा एकटी येत नसे. लग्नात तिला पाहिलेलं कुणीतरी पाहुणं आपल्या माळ्यावरची घुंगुरमाळ पाठवायचं, कुणी आजीचा भरतकामाचा घागरा. ठेवलेलं लग्नाकार्याला परत मिळतं, हे कळल्यामुळे लोक देत. असे चार खण भरले.

एका लग्नाला झूल गेली ती मात्र आलीच नाही. नवरीच्या सासरच्यांनी आपल्या मुलीसाठी नेली, त्यांच्याकडून आणखी कुणी. पुढचं कुणाला सांगता येईना. समितीने नानांना उभं करून सुनावलं. काचेची कपाटं आली, कुलपं आली, वस्तू बाहेर द्यायच्या बंद झाल्या. किल्ल्या माझ्या कमरेला लागल्या. त्यानंतर घरात एक कवडीही नवीन आली नाही.

नाना ओट्यावर बसून फाट्याकडे बघत राहायचे. जीप थांबली की मान वर करायचे. मला ते बघवत नसे.

"सोडा आता नाना," मी एकदा म्हटलं.

"थकलो ताई. पर तुमी कुणाला दोष लावू नका. असंल कुठंतरी लगीन चालून ऱ्हायलं."

पुढच्या उन्हाळ्यात नाना गेले. मी कुलपं उघडत आणि लावत राहिले. काचा पुसायच्या, पाटी पुसायची, पुन्हा घरी जायचं. मलाही कंटाळा आला होता.

पावसाळा सरल्यावर एक बाई गाठोडं घेऊन जीपमधून उतरली. गाठोड्यात झूल होती. जागोजागी ठिगळं, नवे आरसे, प्रत्येक हाताचा टाका वेगळा.

"रागावू नका," ती घाबरून म्हणाली, "या तांड्यावरून त्या तांड्यावर फिरत आमच्याकडं आली. जिथं फाटली तिथल्या बायांनी जोडली. नानांच्याच हाती द्यायची, असं समदे सांगत आले. नाना कुठं हायेत?"

"नाना गेले हो."

ती ओट्यावर मटकन बसली. माझा हात सवयीने शिवणींकडे गेला होता. तो मी मागे घेतला.

"लगीन बराबर झालं ना?" मी विचारलं.

"व्हय ताई. समदीच."

मग गाठोड्याच्या तळातून तिने सासूचा घागरा काढून माझ्यापुढे धरला. "ह्यो बी ठिवा. पर लेकीच्या लग्नाला नेऊ द्याल ना?"

समितीला काय सांगायचं ते मला सुचलं नव्हतं. मी हो म्हणाले, आणि कमरेच्या किल्ल्या काढून ओट्यावर ठेवल्या.