आत्याबाईंचं खोंड

आत्याबाई कुठलीही वस्तू घेण्याआधी तिला कान लावत. मडकं वाजवून बघतात तसं नव्हे. शिलाई मशीनला, पाण्याच्या मोटारीला, एकदा तर साताऱ्याला आमच्या नव्या फ्रिजलाही त्यांनी कान लावला. दाराला गाल टेकून, डोळे मिटून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दमा हाय ह्याला." मी आत जाऊन पदर तोंडात कोंबून हसले. फ्रिज पुढे चांगली सोळा वर्षं चालला, पण त्याचं ते कण्हणं त्या दिवसापासून मला ऐकू यायला लागलं ते शेवटपर्यंत.

त्या आमच्या ह्यांच्या सख्ख्या आत्या. इस्लामपूरच्या पुढे, कृष्णाकाठी त्यांचं गाव आणि उसाचं रान. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे मामा, फौजेत सुभेदार. त्यांची उमेदीची वर्षं सगळी सीमेवर गेली, त्यामुळे इकडचं रान, पाणी, जनावरं सगळं आत्याबाईंनीच पाहिलं. म्हसवडच्या बाजारात बैल घ्यायला त्या स्वतः जायच्या. व्यापारी टोपीआडून हसायचे आणि संध्याकाळपर्यंत टोपी काढून घाम पुसायचे. त्यांचा नियम एकच. बैल आधी घरी न्यायचा, आपल्या दावणीला एक रात्र बांधायचा, सकाळी आपल्याच नांगराला जुंपायचा, मग व्यवहार. "त्येच्या अंगनात समदीच बैलं शानी असत्यात," त्या म्हणायच्या. "आपल्या दारात कसं वागतंय, त्ये बघावं."

आता माझ्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण मीही त्या काळात एक बघण्यासारखी वस्तू होते. वाईचं माहेर, बी.एस्सी.ची पदवी, चाळिशी नुकतीच ओलांडलेली. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि गल्लीगल्लीत संगणकाचे वर्ग निघाले होते. त्यातला तीन महिन्यांचा एक वर्ग मी पुरा केला होता. प्रमाणपत्र काचेत बसवून दिवाणखान्यात लावलं होतं, तेही अशा ठिकाणी की पाहुण्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला की नजर तिथेच जावी. त्या वर्गात मी पत्ता टाइप करायला आणि पत्ते खेळायला शिकले. पण कुणी कॉम्प्युटर शब्द उच्चारला की मी खुर्चीत सरसावून बसायची.

मामांना अर्धांगाचा झटका आला तो नेमका दत्ताच्या कसम परेडच्या तोंडावर. दत्ता त्यांचा धाकटा, बापाच्याच पलटणीत भरती झालेला. पोराचं फौजेतलं शिक्षण संपून तो शपथ घेणार, त्या दिवशी आईबापाला बोलावतात. मामांनी त्यासाठी नवा कोट शिवून घेतला होता. तो कोट खुंटीवर राहिला आणि मामा खाटेवर. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे तेवढे जागे होते, आणि ते डोळे सारखे त्या खुंटीकडे.

मामांच्या जागी आमचे हे गेले. ऑफिसातल्या मित्राचा व्हिडिओ कॅमेरा मागून नेला आणि परेड भरून आणली. पहिली काही मिनिटं यांच्या अंगठ्याची आहेत, पुढे परेड. कॅमेरा तर परत द्यायचा होता आणि त्याची चिमुकली कॅसेट दुसऱ्या कशात बसेना, म्हणून सांगलीच्या एका स्टुडिओवाल्याने तिची सीडी करून दिली. शेजारच्या सरपंचांकडे सीडी प्लेअर होता. त्याने बाजारातल्या सगळ्या सीड्या मुकाट्याने चालवल्या आणि आमची मात्र बाहेर थुंकली. पुन्हा घातली, पुन्हा थुंकली. स्टुडिओवाला म्हणाला, घरी भरलेली सीडी हे प्लेअर कधीकधी घेत नाहीत, कॉम्प्युटरवर चालेल, आणि तो टीव्हीला जोडता येतो.

डॉक्टरांनी आत्याबाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं की दुसरा झटका केव्हाही येईल. त्या घरात आल्या, मामांचा कोट झटकून पुन्हा खुंटीला लावला आणि आम्हाला साताऱ्याला फोन केला. "सूनबाई, त्ये तुजं कंपूटर शिकल्यालं कामाला आन. ह्यांना परेड दावायची हाय. सांगलीला ये."

मी इस्त्रीची साडी नेसून गेले.

सांगलीच्या त्या दुकानाचा मालक गळ्यात टाय बांधलेला, नुकताच इंजिनिअर झालेला तरुण होता. मी आत शिरल्याबरोबर हार्ड डिस्क, रॅम असे चारपाच शब्द हवेत सोडले. तोही बिचारा मान डोलवत राहिला. माझी नजर बसली होती एका उंच, चंदेरी पेटीवर. तिला पुढून हिरवे दिवे होते आणि एक लहानसं कुलूपसुद्धा. ती सुभेदारांच्या घरात टीव्हीशेजारी कशी शोभेल आणि गाव मला काय म्हणेल, हे चित्र मी डोळ्यांपुढे रंगवूनही टाकलं. कोपऱ्यात टीव्हीखाली मावेल अशी एक आडवी, पाटाएवढी पेटी होती. तिच्याकडे मी पाहिलंही नाही.

आत्याबाई म्हणाल्या, "पंखा बंद कर."

"कुठला पंखा, काकू?"

"ह्यो डोक्यावरचा. त्येच्या आवाजात ह्या मशिनीचा आवाज कसा कळावा?"

दुकानातला पंखा बंद झाला. मेमधली सांगली, आम्ही तिघंही घामाने निथळलो. आत्याबाईंनी उंच पेटीला कान लावला, मग आडव्या पेटीला. पाठीवरून हात फिरवला, बैलाच्या वशिंडावरून फिरवतात तसा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दुकानदाराकडे बघून, आमची माणसं जरा साधी आहेत, अशा अर्थाचं हसले. तो हसला नाही. तो लिहून घेण्याच्या बेतात दिसत होता.

त्याने टीव्हीवर निळ्या पाण्यातले रंगीत मासे दाखवले. चित्र इतकं लख्ख की मी "वा" म्हणाले. आत्याबाई म्हणाल्या, "मासं आमच्या नदीत हायत. आमची परेड लाव."

उंच पेटीवर परेड लागली आणि पोरं चालायला लागली, पण कशी? पाय वर गेला की वरच राही, मग एकदम तिसरंच पाऊल. सगळी तुकडी लग्नाच्या वरातीतून परतल्यासारखी लटपटत होती. दुकानदार खाली मान घालून म्हणाला, "काकू, ह्याची पेटी मोठी आहे, आतलं सामान साधं आहे. व्हिडिओ ओढत नाही."

"शिंगं रंगवल्याली, बाकी पोकळ," आत्याबाईंनी मला समजावून सांगितलं.

मग आडव्या पेटीवर लावली. त्याच पोरांचे पाय आता एका ठेक्यात पडायला लागले. मध्ये एका जागी आत्याबाईंच्या भुवया वर गेल्या. "परत दाव." त्याने परत दाखवलं. त्या टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या, बघितलं, आणि पदराने उगाच तोंड पुसलं. मलाही तिथे काहीतरी अडखळल्यासारखं दिसलं होतं. मी लगेच तज्ज्ञाच्या आवाजात म्हटलं, "आत्याबाई, हेसुद्धा अडकतंय. मोठंच घेऊ, त्यात सामान बदलून देतील."

"ह्येच," त्या म्हणाल्या. "ह्येच खोंड न्यायचं."

आणि नेताना नियम तोच. एक रात्र आपल्या दावणीला, मग व्यवहार. दुकानदार म्हणाला, "काकू, कॉम्प्युटर असा बघायला देत नाहीत कुणी."

"मंग तू बी चल की संगं. जोडून दे, जेवून जा. सकाळच्याला सांगते ठेवायचं का न्हाई."

तो टाय सोडून, पेटी मांडीवर घेऊन आमच्याबरोबर आला. वायरी जोडल्या, आमटीभात जेवला आणि जाताना आत्याबाईंच्या पायाही पडला.

इथे आत्याबाईंचं चुकलं. दारात नवं जनावर आलं की त्याला ओवाळायचं, अंगावर झूल घालायची, हा घरचा रिवाज. त्यांनी पेटीला हळदकुंकू लावलं, वर नारळ ठेवला आणि मामांच्या निवृत्तीच्या वेळी मिळालेली लोकरी शाल तिच्यावर नीट चारी बाजूंनी पांघरली. दुपारी वीज आली. मामांना तक्क्याशी बसवून अंगात तो नवा कोट चढवला. उजवा हात बाहीत घालताना आत्याबाई त्यांच्याशी एकट्याच बोलत होत्या, "वाकवा की जरा. साह्यब व्हायचं म्हंजे वाकाया लागतंय." बायकापोरं दाटीवाटीने बसली. यांच्या अंगठ्याचा खेळ संपला, मैदान दिसलं, झेंडा दिसला, आणि पोरं शपथेला उभी राहतात न राहतात तोच चित्र थिजलं. मामांनी हळूच डोळे मिटले.

मी उठून उभी राहिले. "मी दुकानातच सांगत होते," माझं भाषण सुरू झालं, "हे मशीनच—"

आत्याबाईंनी शाल काढली आणि पेटीच्या पाठीवर हात ठेवला. "तापलंय," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "मे म्हैन्यात भर दुपारी लोकरीचं पांघरून मी घातलं. त्येनं काय करावं? चूक माजी हाय. त्याला बोल लावायचा न्हाई." मग मामांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "आवं, डोळं उघडा. परेड उद्या हाय."

ती एक रात्र त्यांनी कशी काढली ते त्यांनाच ठाऊक. सकाळी उठून पाहते तर पेटी उघडीवाघडी, फक्त कुंकू कायम, आणि मामा कोटासकट तयार.

या वेळी शाल नव्हती, पंखा नव्हता, कुणी खोकतही नव्हतं. शपथेचे शब्द यांच्या कॅमेऱ्यात दुरून, वाऱ्याबरोबर आल्यासारखे भरले होते. पेटीने जरा घरघर केली असती तरी ते बुडाले असते. ते ऐकू आले. त्यात दत्ताचा आवाज कुठला ते मला कळलं नाही. मामांना कळला असावा, कारण त्यांनी मान जराशी कलती केली. मग बँड वाजला आणि पोरं चालू लागली. मामांच्या डाव्या पायाचा अंगठा चादरीखाली ठेका धरू लागला.

तेवढ्यात तीच जागा आली. रांगेत एकाचा पाय अडखळला. मामांचा अंगठा थांबला.

"बघा, अडकलं," मी म्हटलं. मला गप्प बसणं जमतच नसे.

"मशीन अडकलं आसतं तर समदी अडकली आसती," आत्याबाई टीव्हीवरून नजर न काढता म्हणाल्या. "समद्यांचा डावा पडतुया आन् येकाचाच उजवा. नीट बघ कोन हाय त्यो. आपला दत्त्या हाय."

मामांनी डाव्या हाताचं बोट टीव्हीकडे केलं. परत दाखवा. मी मागे घेऊन परत दाखवलं. त्यांच्या घशातून काहीतरी आवाज आला. पुन्हा बोट. तिसऱ्या वेळी दत्ताचं पाऊल चुकलं मात्र, आणि खाटेवरून, घोगरा, तुटका, पण हुकमाचा आवाज आला, "कदम... बदल."

आणि टीव्हीत दत्ताने एक लहानशी उडी घेतली, पाऊल बदललं आणि तो सगळ्यांबरोबर चालू लागला.

आत्याबाई खाली बसल्या. पदर तोंडाला लावला आणि पदराआडून म्हणाल्या, "एवढं दीस माज्याशी येक शबूद बोलला न्हाईसा, आन् तोंड उगडलं त्ये पोराला दरडावाया." मामा अर्ध्याच तोंडाने हसले. मी मागे घेत राहिले, ते हुकूम देत राहिले आणि दत्ता दर वेळी ऐकत राहिला.

दुपारी भांडी घासताना मी विचारलं, "तुम्हाला दुकानातच दिसलं होतं ना?"

"दिसलं की."

"मग ते मोठं घेतलं असतं, त्यात सगळेच लटपटत होते. दत्ताची चूक कळलीच नसती."

आत्याबाईंनी माझ्याकडे, नासका आंबा बघावा तशा मायेने बघितलं. "आगं पोरी, सुबेदाराला खोटी परेड दावायची? त्यांनी डोळं मिटून घेतलं आसतं. पोरगं चुकलं आन् पोरानं सुदारलं, ह्ये बापाला दिसाया पायजे. मानूस वळखाया लय सोपं आसतंय गं, हाय तसा निर्मळ दिसला म्हंजे झालं."

मी तेव्हा गप्प झाले. माझ्या चरित्रातली ती एक नोंद घेण्यासारखी घटना.

मामा पुढच्या दिवाळीपर्यंत होते. वाचा फारशी परतली नाही, पण ते दोन शब्द पक्के राहिले. थोरली सून दूध उतू घालवो की नात पाढा चुको, खाटेवरून हुकूम यायचा आणि घर हसत पाऊल बदलायचं. दत्ता सुट्टीवर आला तेव्हा त्यालाही समोर बसवून परेड दाखवली. सहा फुटी जवान लाजून बापाच्या खाटेमागे लपला. आत्याबाई त्यानंतर पुष्कळ जगल्या. खोंड थकलं, बंद पडलं, तरी भंगारवाल्याला त्यांनी ते दिलं नाही. त्या गेल्यावर दत्ताने ती सीडी माझ्या हातात ठेवली. म्हणाला, "वहिनी, तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. तुमालाच कळतंय त्यातलं." इतका मोठा विनोद त्या घरात कुणी केला नव्हता.

परवा नातीने टीव्हीसाठी एक नवी डबी आणली. कॉम्प्युटरच आहे म्हणे, पण तळहातावर मावतो. तारेशिवाय कुठूनकुठून सिनेमे ओढून आणतो आणि त्यात माणसाच्या कपाळावरचा घामही मोजता येतो. ती मला बर्फाचे डोंगर दाखवायला लागली. मी म्हटलं, थांब, आधी तो पंखा बंद कर. उठले, डबीला कान लावला, पाठीवर हात ठेवला. नात दाराआड जाऊन हसली. ते हसणं मी चांगलंच ओळखते.

मग मी तिच्याकडून आमची परेड लावून घेतली. जुनी सीडी तिने मागेच आपल्या फोनमध्ये उतरवून ठेवली आहे. एवढ्या मोठ्या पडद्यावर सगळं धूसर दिसतं, यांचा अंगठा मात्र भोपळ्याएवढा. पोरं आली. सगळ्यांचा डावा पडला, एकाचाच उजवा.

"ठेव," मी नातीला म्हटलं. "मशीन चांगलं आहे."