नांदुऱ्याचं फाटक, गोदाबाई आणि बकरी

शांता माझ्या इस्त्रीच्या साडीवर ओकली, तेव्हा आम्ही नांदुऱ्याच्या रेल्वे फाटकापासून चार पावलांवर होतो. तिचा दंड घट्ट धरून मी सांगत होते, "भीती हा मनाचा भ्रम आहे." मालगाडी धडधडत गेली. भ्रम साडीवर आला.

महाराष्ट्र राज्य नवं होतं, मीही नवी बाई. बी.टी.ला, म्हणजे शिक्षकाच्या पदवीला, बालमानसशास्त्रात पहिली आले होते. कुणी न विचारताही सांगायचे.

शांता सातवीत होती, फाटकापलीकडच्या वस्तीतली. उन्हाळ्यात तिच्या डोळ्यांदेखत एक म्हैस गाडीखाली गेली. तेव्हापासून ती फाटक ओलांडेना. बाप हेडमास्तरांना म्हणाला, "पोरीले घरीच ठेवतो. स्थळ पाह्यतो."

हेडमास्तर मला म्हणाले, "महिनाभर बघा, बाई. नंतर पटावरून नाव काढावं लागेल."

त्या दिवशी फाटकाशी सोबत आलेली आमची शिपाईण गोदाबाई माझ्या साडीवर पाणी ओतता ओतता हसत होती. "काऊन ओढता बाई तिले? गोऱ्हा इंजिनाले बुजला त गाडीवान त्याले रुळावर नेते काय? दुरून दाखवा लागते. थरथर थांबली का मंग दोन पावलं पुढं."

दुसऱ्या दिवसापासून शाळेआधी आम्ही दोघी फाटकापलीकडे, शांताच्या वस्तीच्या बाजूला, लांबच्या निंबाखाली तिच्यासोबत बसू लागलो.

"गाडी आली की मनात काय येतं?" मी विचारलं.

"गाडी मले ओढून घेते."

"मंग फाटकवाल्याच्या बकरीले काऊन नाही ओढत?" गोदाबाई म्हणाली. ती बकरी रोज रुळांजवळच चरायची.

शांता आठवडाभर बकरीवर नजर ठेवून होती. "मान बी वर करत नाही, बाई!"

मग निंबापासून पानठेला, ठेल्यापासून फाटकवाल्याची खोली. एकदा शिट्टी ऐकून ती पार निंबापर्यंत पळाली. मी ओढायला धावले, तर गोदाबाईनं माझाच दंड धरला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी बापही येऊन उभा राहिला. गाडी गेली. शांता थरथरली, पण पळाली नाही. फाटक उघडताच आमच्या पुढे निघाली. "चाला ना बाई, घंटी होऊन राह्यली!"

बाप डोकं खाजवत म्हणाला, "जाऊ द्या मंग. स्थळवाल्याईले नाही म्हणतो."

पुढे निवृत्तीच्या तोंडावर एका प्रशिक्षणात कळलं, याला 'कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी' म्हणतात. भीतीमागचा विचार पकडायचा, तो खरा आहे का ते तपासायचं, आणि थोडं थोडं सामोरं जायचं. तज्ज्ञ फळ्यावर तक्ता काढत होते. मी वहीत वर 'गोदाबाई' असं लिहिलं आणि मनातल्या मनात पाया पडले.

घाबरलेल्या पोराला ओढू नये. ओढायचंच असेल, तर निदान इस्त्रीची साडी नेसू नये.