बियाण्याच्या कोठीचा पत्रा

शिवऱ्याला हायवेलगत माझं धान्याच्या कोठ्या बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. पत्रा मी निवडतो, कोठी आमचे मिस्त्री घडवतात. माझ्याहून वयानं मोठे आहेत, आणि पत्र्यातलं त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. हे मी मोठ्यानं कबूल करायला फार उशीर केला.

जस्ताचा मुलामा दोन तऱ्हांनी चढतो. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या पत्र्यावर जाड थर बसतो, काचेवर दव गोठावं तशी फुलं उमटतात. विजेवर चढवलेला थर पातळ असतो. तो पत्रा गुळगुळीत दिसतो आणि रंग छान धरतो. एका वर्षी मी हा गुळगुळीत पत्रा आणला. रस्त्याकडेला मोर रंगवलेल्या कोठ्या मांडायची हौस होती.

मिस्त्रींनी पत्र्यावरून अंगठा फिरवला. "मालक, ह्यो कपाटाचा पत्रा हाय. वेल्ह्याच्या पावसात टिकायचा न्हाई."

"कोठी घरातच असते ना?"

"घरात असती, पण जमीन वली असती. आन् बाया बुडाला शेण लावत्यात."

मला ते माहीत होतं. आमच्याकडे बांबूच्या कणगीला शेणानं लिंपतात आणि तीच सवय पत्र्याच्या कोठीलाही लागते. तरी मी म्हणालो, "तुम्ही कापा."

त्यातली एक कोठी वेल्ह्याकडच्या पासली गावच्या एका मावशींनी नेली. सासूकडून आलेलं आंबेमोहोराचं बियाणं त्या दरवर्षी राखत. पुढच्या पेरणीच्या तोंडाशी त्या एसटीनं आल्या आणि पदराची गाठ सोडून मूठभर भात माझ्या टेबलावर ठेवलं. काळं पडलेलं, बुरशीचा वास येणारं. बूड गंजून ओल आत शिरली होती.

"दादा, कशानं झालं वं?"

मिस्त्री दारातच उभे होते. मी म्हणालो, "मावशी, तुम्ही शेण लावलंत. त्यानं गंज चढला."

"व्हय? मग माजंच चुकलं," त्या म्हणाल्या. भात पुन्हा पदरात बांधून निघून गेल्या. पाणी विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही.

पावसाळाभर मी मिस्त्रींची नजर चुकवत राहिलो. दसऱ्यानंतर एका सकाळी पाहिलं, तर ते जस्ताची फुलं उमटलेल्या पत्र्याची कोठी घडवत होते. जाड थर कोपऱ्यात तडकू नये म्हणून लाकडी हातोड्यानं हळूहळू दुमड घालत होते. जस्त जळू नये म्हणून वेल्डिंग कुठंच नाही, सगळे सांधे घडी घालून दाबलेले. खाली वीतभर उंचीचे चार पाय. एवढं देखणं काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"कुणाची?"

"पासलीची. टेम्पो सांगितलाय. तुमी बी चला. कोठी म्या दिऊ शकतो, बाकीचं तुमालाच बोलावं लागंल."

मावशींच्या अंगणात त्यांचे यजमान भात वाळवत बसले होते. कोठी पाहून ते हसले. "आनली का आनखी येक? हितं शेण लई हाय, चालू द्या!"

मावशी खाली मान घालून उभ्या राहिल्या. पेरणीपासून हे टोमणे त्या ऐकत होत्या, माझ्या एका वाक्यामुळे.

मी म्हणालो, "बाबा, चूक यांची नाही. पत्रा मी चुकीचा निवडला. मिस्त्रींनी बजावलं होतं. मी यांच्याशी खोटं बोललो."

मावशींनी वर पाहिलं, पण माझ्याकडं नाही, नवऱ्याकडं.

"ऐकलं का वो?"

"ऐकलं."

"मंग बसलाय काय? माप आना."

मागं कधीतरी मावशींनी माहेरी पायलीभर बियाणं दिलं होतं. यंदा तिथूनच थोडं मागून आणून त्यांनी एका खाचरात वाढवलं होतं. म्हाताऱ्यानं माप आणून त्यांच्या हातात दिलं. मिस्त्रींनी झाकण उघडून धरलं. मावशींनी पहिलं माप भरलं, कपाळाला लावलं आणि कोठीत ओतलं.

"मिस्त्री, शेण लावू का नको?"

"जमिनीला लावा, मावशी. कोठीच्या पायाखाली."