मंगळाच्या नावावर

आमचे शास्त्राचे मास्तर मंगळ फळ्यावर काढत नसत, टेबलावर आपटत. गंजलेला नांगराचा फाळ दाणकन आदळायचा आणि तांबडा भुगा पहिल्या बाकापर्यंत उडायचा. "हा बघा मंगळ! तिथल्या लोखंडानं तिथली हवा गिळली, म्हणून गोळा तांबडा. गंजाला भ्यायचं व्हय रं?" बेळगावच्या त्या शाळेत सगळे त्यांना मंगळमास्तरच म्हणत.

दुसरा प्रयोग मिठाचा. स्पिरिटच्या दिव्यावर चिमूट पडली की ज्योत पिवळीजर्द भडके. "ह्या मिठातला सोडियम चांदण्यांच्या मधल्या काळोखातबी सापडलाय. वर दैत्य बसल्यालं न्हाईत. आपल्या चुलीतलंच सामान हाय."

हा त्वेष पुस्तकातला नव्हता. त्यांची थोरली बहीण, आक्का, विधवा होऊन शहापुरात त्यांच्याकडे राहत होती. नवरा प्लेगने गेला. सासरच्यांनी ठरवले, हिच्या पत्रिकेतल्या मंगळाने तो खाल्ला. आणि तापल्या उलथन्याने तिची पाठ डागली. मास्तर म्हणत, "घरात मेलेलं उंदीर दिसलं न्हाईत ह्यांस्नी. कोटी कोसांवरचा गोळा तेवढा दिसला!"

आक्काची मुलगी तानी, तिच्या पत्रिकेतही मंगळ निघाला. स्थळ निपाणीच्या तंबाखूवाल्यांचे. त्यांची अट होती: मुलीचे लग्न आधी मडक्याशी लावायचे, मग मडके फोडायचे, म्हणजे नवऱ्यावरचे मरण मडक्यावर जाईल. मास्तर भडकले. आक्का रडली, "एवढं सोस रं. लगीन मोडलं तर पोरीनं जायचं कुठं?"

मास्तरांनी मांडव घालायला घेतला. मला वाटले, सोसतील. पण मांडवात तानीला मडक्याशेजारी बसवले मात्र, त्यांनी ते उचलून विधीआधीच जमिनीवर आपटले.

"मंगळ मोकळा सोडला ह्यानं!" नवऱ्याचा चुलता किंचाळला. मांडवाचे वासे उपसले गेले. आम्ही त्यांचे विद्यार्थी मध्ये पडलो, आमचीही डोकी फुटली. मास्तर कोसळल्यावरही वासे थांबले नाहीत.

फौजदार आला तेव्हा सगळे संपले होते. कोणी मारले, असे त्याने विचारले. वरपक्ष एका तोंडाने म्हणाला, "कुणी न्हाय, साहेब. पोरीच्या मंगळानं मामा खाल्ला."

हात माणसांचे, रक्त माणसाचे, आणि नाव त्या मुक्या गोळ्याचे!

तानी उठली. मागून कोणीतरी तिचा पदर ओढला, "गप गं, लगीन अजून मोडलं न्हाय."

"ह्यानं मारलं," तिने चुलत्याकडे बोट केले. "आन् ह्यानं. आन् त्या खांबामागच्यानं."

मग ती मुंडावळ्या बांधलेल्या नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आन् ह्यानंबी, साहेब."