चुनखडीतलं तेल

देवळीत तेल म्हटलं की लोकांना सोयाबीनचं आठवतं. चुनखडीच्या खडकातलं खनिज तेल पाण्यानं बाहेर कसं काढायचं, यावर मी पीएच.डी. करते म्हटलं की बाप्पा, लोक माझ्याकडे दयेनंच बघतात. अशा खडकात खोलवर खारं पाणी दाबून सोडतात, तरी बरंचसं तेल दगडाला चिकटून राहतं. पाण्यातले क्षार बदलले तर दगड ते सोडतो का, एवढंच मला बघायचं होतं.

उन्हाळ्यात कॉलेजची प्रयोगशाळा बंद, म्हणून एक काचेचं भांडं मांडीवर घेऊन बसनं घरी आणलं. आत खाऱ्या पाण्यात बुडवलेला, तेल प्यायलेला दगड. दगडातून सुटलेलं तेल भांड्याच्या बारीक मानेत जमतं, ते रोज मोजायचं. थोडंसं जमलं आणि थांबलं. माझी सगळी भिस्त याच दगडावर होती.

एकदा दात दाखवायला सावंगीला गेले. परत येऊन बघते तर भांडं चकाचक.

"वर घाण तरंगून राह्यली होती," सासूबाई कौतुकानं सांगू लागल्या. "मान काढून कापसानं पुसली, अर्धं पाणी फेकलं आन् नवं भरलं. बोरचं नाई, फिल्टरचं टाकलं."

माझं डोकंच फिरलं. "तुमाले कोणी हात लावाले सांगतलं होतं? चार वर्षांचं काम मातीत घातलं!" तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच. त्या पदराला हात पुसत आत गेल्या. संध्याकाळी माझं ताट मात्र त्यांनीच वाढलं. मी फुगून बसलेली, जेवले आणि उठले.

सकाळी भांडं रिकामं करायला उचललं, तर दगडाच्या अंगावर घामासारखे तेलाचे थेंब. मानेतही रेघभर तेल. थांबलेला दगड कमी क्षाराच्या पाण्यात पुन्हा तेल सोडत होता. एकदम एवढं पाणी बदलायची माझी तर छातीच झाली नसती.

मी स्वयंपाकघरात धावले. "आई, तुमच्या पाण्यानं तेल सुटलं. काल मी वाट्टेल ते बोलले, माझं चुकलं."

त्या भीतभीतच माझ्याकडे बघत होत्या. "म्हणजे तुहं काम बिघडलं नाई ना?"

"नाई, आई."

ओट्यावर त्यांचं ताट कालपासून तसंच झाकलेलं होतं. त्यांनी वरची थाळी उचलली.

"मंग जेवू का मी आता?"